एसी लावला की बरी चालते

गाडी उभी असली की थरथरते, अशी तक्रार घेऊन आलेल्या काकांनी मला उत्तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. त्या हसण्यापायी काकांच्या दोन खेपा वाढल्या आणि माझा दीड दिवस बोनेटखाली गेला.

माझं गॅरेज विदर्भात, दारव्ह्याच्या रस्त्याला आहे. मागच्या बाजूनं शकुंतला रेल्वेचे रूळ जातात, आता त्यांच्यात बाभळी वाढल्या आहेत. पूर्वी माझ्याकडं निम्मं काम ट्रॅक्टरचं असायचं. गेल्या काही वर्षांत सेकंडहँड कार वाढल्या. नागपूर-पुण्याकडं आठ-दहा वर्षं पळालेली गाडी सोयाबीन विकून आलेल्या पैशात इकडं येते आणि तिची दुसरी जिंदगी खेड्यात सुरू होते. पहिल्या जिंदगीत तिच्यावर काय काय झालं हे ना घेणाऱ्याला माहीत, ना मला.

ही गाडीही तशीच. २०१४ चं मॉडेल, १,२०० सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल. आदल्या दिवाळीनंतर नागपुरातून घेतलेली. मीटरवर ८४,००० किलोमीटर, पण मीटरवर माझा फारसा विश्वास नाही. स्टीअरिंगचं कातडं आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मीटरपेक्षा खरं बोलतं, आणि या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं होतं.

काकांची तक्रार अशी: "उभी असली का थरथरते. चालाले लागली का काहीच नाही. पिवळा लाइट लागते, मंग बुजते, मंग लागते."

याआधी ते जिल्ह्याच्या ठिकाणी एका गॅरेजात जाऊन आले होते. तिथं तिसऱ्या सिलिंडरची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी, नवी टाकून दिली. फरक शून्य. काकांचं स्वतःचं मत पक्कं होतं, की हे उंदराचं काम. पडवीत कापसाची गंजी, गंजीला लागूनच गाडी. "रातभर खुडबुड चालते, तार कुरतडली असंन."

बोनेट उघडलं तर उंदराचा पुरावा खरंच होता. बॅटरीच्या मागं कापसाचं छान गुबगुबीत घरटं, आत सरकीची टरफलं. वायरिंगवरून हात फिरवत गेलो आणि एक कुरतडलेली तार सापडलीसुद्धा. काकांचा चेहरा उजळला. ती तार निघाली काचेवर पाणी मारणाऱ्या मोटरची. जोडून दिली, पाणी उडायला लागलं, गाडी थरथरतच राहिली.

तेवढ्यात काका म्हणाले, "मिस्त्री, एक सांगू काय? एसी लावला का बरी चालते."

डिसेंबर चालू. अंगात स्वेटर, कानाला मफलर. मी म्हटलं, "काका, या थंडीत एसी लावाल तर गाडी राहील बाजूला, तुम्हीच थरथराल." माझ्याकडं काम शिकणारा पोरगा खो खो हसला, काकाही हसले, आणि विषय तिथंच बुडाला. एसी लावायचं कारण साधं होतं. पहाटे लग्नाला निघताना पाच जण गाडीत, काचा धुरकटल्या, म्हणून पुतण्यानं एसी चालू केला. त्या दिवशी वाटेत चहाला थांबले तेव्हा गाडी उभी असून थरथरली नाही. एवढं बारीक निरीक्षण करून माणूस सांगत होता.

मिसिंग म्हणजे नेमकं काय, ते एकदा बोलून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, मिनिटाला ७५० फेऱ्यांवर, एकेक सिलिंडर ३७५ वेळा पेटतो, सेकंदाला सहाच्या वर. पेट घ्यायला तीन गोष्टी लागतात: वेळेवर ठिणगी, पेट्रोल-हवेचं बरोबर मिश्रण आणि दाब. यातलं एक जरी हुकलं तरी तो सिलिंडर त्या फेरीत फुकट फिरतो, बाकीचे तिघं त्याला ओढत नेतात. हेच मिसिंग. क्रँकजवळचा सेन्सर दातेरी चाकाचे दाते मोजत असतो. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला चाक किंचित रेंगाळलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते टिपतो. असं वारंवार झालं की कोड पडतो: पी०३०१ ते पी०३०४, शेवटचा आकडा सिलिंडरचा. कुठलाही एक ठरत नसेल तर पी०३००.

२०१३ च्या एप्रिलपासून आपल्याकडच्या नव्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे असे दोष टिपून ठेवणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, त्यामुळं ही सोय या गाडीत होती. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि पी०३०३ आला.

आता माझी पहिली चूक. कोड पाहिला, तिसरा प्लग काढला, पाहिला, आणि चारही प्लग नवे टाकून मोकळा झालो. म्हणजे जिल्ह्याच्या गॅरेजनं कॉइल बदलली तसंच मी प्लग बदलले, फरक फक्त बिलाचा. कोड एवढंच सांगतो की तिसऱ्यात जाळ होत नाही. का होत नाही, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

प्लग काढले तेव्हा तीन बिस्किटाच्या रंगाचे होते आणि तिसरा फिकट, पांढरटाकडं झुकलेला. हे मला दिसलं. पांढरट प्लग म्हणजे त्या सिलिंडरला हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, हे मी त्या पोराला स्वतः शिकवलेलं. पण त्या दिवशी माझं लक्ष जुन्या प्लगांच्या झिजलेल्या टोकांकडं होतं. नव्यांचं अंतर फिलर गेजनं १ मिलिमीटर तपासलं, बसवले, कोड पुसला आणि गाडी रोडवर काढली. दहा किलोमीटर जाऊन आलो. लोण्यासारखी. काकांना चावी दिली.

चूक कुठं झाली ते लक्षात घ्या. तक्रार उभ्या गाडीची, आणि मी तपासली पळवून. पळताना ती आधीही चांगलीच होती! परत आल्यावर दहा मिनिटं नुसती चालू ठेवून बसलो असतो तरी कळलं असतं. चौथ्या दिवशी फोन आला: "मिस्त्री, तेच हाये."

दुसऱ्या खेपेला मी गाडी ठेवून घेतली. आणि पाना हातात घ्यायच्या आधी काकांना खुर्चीवर बसवून विचारलं: कधी होते, कधी होत नाही? सकाळी थंड इंजिनावर? "चालू केल्यावर दोनेक मिनिटं चांगली, मंग फडफड." चढावर, भरलेल्या गाडीला? "कारंज्याले पाच जण गेलो, डिक्कीत तुरीचं पोतं. काहीच नाही." पावसात? धुतल्यावर? नाही. पेट्रोल कुठलं? रस्त्यावरच्या पंपाचं.

पेट्रोलबद्दल एक सांगतो. हल्ली कुठलीही गाडी कुरकुरली की माणूस ई-२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, शिव्या देतो. काकांच्या पुतण्यानंही दिल्या. पण चारही सिलिंडर एकाच टाकीतून पितात. पेट्रोलात पाणी असेल, पंपाचा दाब कमी असेल, फिल्टर चोंदला असेल तर एकटा तिसराच कशाला उपाशी राहील? एकाच सिलिंडरचा कोड सतत येत असेल तर जे चौघांचं सामायिक आहे ते बाजूला ठेवा. जे फक्त त्याचं आहे तेवढं पाहा: त्याची कॉइल, त्याचा प्लग, त्याचा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, कॉइल-इंजेक्टरच्या तारा, त्याचे वॉल्व्ह-रिंगा, आणि चौघांना हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डची त्याच्याकडं जाणारी नळी.

काकांच्या उत्तरांनी या यादीतलं पुन्हा निम्मं गळायला हवं होतं. ठिणगी कमजोर असली तर गाडी लोडवर मिस करते, चढावर, भरलेली असताना. कारण तेव्हा सिलिंडरमध्ये दाब जास्त, आणि दाब जास्त तेवढं ठिणगीला प्लगचं अंतर ओलांडणं अवघड. तुरीच्या पोत्यासकट कारंज्याला निवांत गेलेली गाडी कॉइल-प्लगची रोगी नसते. हे तोंडी हिशोबानं कळत होतं. तरी मी हातानं खात्री केली, कारण एकदा तोंडघशी पडलो होतो.

गाडी चालू करून ठेवली. दोन मिनिटं हजार-बाराशेवर सरळ चालली, मग आयडल खाली उतरलं आणि फडफड सुरू. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला की कळतं: फुक-फुक-फुक-खंड. पोराला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढायला लावला. पहिल्याचा काढला, इंजिन डुचमळलं. दुसऱ्याचा, चौथ्याचा, तेच. तिसऱ्याचा काढला तर इंजिनाला पत्ताच नाही. ही तपासणी कॉइलचा कनेक्टर काढून करणारे बरेच आहेत. तसं करू नका. ठिणगी बंद आणि पेट्रोल चालू राहिलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून आतून वितळतो. चेक इंजिनचा लाइट नुसता लागलेला न राहता उघडझाप करायला लागला तर त्याचा अर्थ हाच असतो, की गाडी चालवणं थांबवा. काकांचा लाइट लागायचा-बुजायचा, पण असा पटापट उघडझाप करत नव्हता, तेवढं नशीब.

मग अदलाबदल. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. कोड पुसून पुन्हा चालू. पी०३०३ जागच्या जागी. कॉइल वाईट असती तर कोड तिच्या मागोमाग पी०३०२ झाला असता. तिसऱ्याचा प्लग पहिल्यात टाकला. तरी तिसराच. इंजेक्टरच्या दोन्ही तारांमध्ये बल्बचा टेस्टर लावला, लुकलुक बरोबर. इंजेक्टर काढायला आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवावं लागतं. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, तीन बारच्या आसपास दाब असतो, तो तसाच सोडला तर पेट्रोल तोंडावर येतं. तिसऱ्याचा इंजेक्टर चौथ्यात बसवला, ओ-रिंगा नव्या टाकल्या. दुपार गेली. कोड पी०३०३.

म्हणजे ठिणगी बरोबर, पेट्रोल बरोबर. उरला दाब.

संध्याकाळी स्कॅनरची वायर गुंडाळायला ड्रायव्हरच्या जागी बसलो. डॅशबोर्डवर, स्टीअरिंगच्या डाव्या हाताला, शेगावच्या गजानन महाराजांचं छोटं गोल स्टिकर. आमच्याकडं दहातल्या सहा गाड्यांत असतं, त्यात नवल काही नाही. पण उठताना अंगठा त्याच्यावर टेकला आणि आत गेला. मागं प्लॅस्टिक नव्हतं. स्टिकर मी काढलं नाही, कडेकडेनं बोटानं चाचपून पाहिलं. चौकोनी भोक, दोन बोटं मावतील एवढं.

गॅसच्या किटचं स्विच.

टॉर्च घेऊन डिक्की उघडली. स्टेपनीच्या खोलगट जागेत चार बोल्टांची भोकं, त्यांच्यावर डांबरी पट्टी चिकटवलेली. म्हणजे गाडी नागपुरात गॅसवर पळाली होती, बहुतेक भाड्यानं, आणि विकताना किट काढून घेतलं होतं. आर.सी.वर फक्त पेट्रोल लिहिलेलं. किट एकतर कधी नोंदवलंच नव्हतं, नाहीतर काढल्यावर नोंद उतरवली होती.

आणि इथं मी दुसरी चूक करायच्या बेतात होतो. गॅसवर खूप पळालेल्या इंजिनाची एक ठरलेली खोड असते. गॅस कोरडा, पेट्रोलसारखा वॉल्व्हच्या बैठकीला ओलावा देत नाही. बैठक झिजते, वॉल्व्ह हळूहळू वर सरकतो, टॅपेटमधली फट संपते आणि वॉल्व्ह गरम झाला की पूर्ण बंद होत नाही. दाब गळतो. आणि वॉल्व्हची गळती नेमकी आयडलला जास्त जाणवते, कारण फेरी सावकाश, दाबाला निसटायला वेळ जास्त. गरम झाल्यावर मिस, उभी असताना मिस, लोडवर बरी. सगळं जुळत होतं. मी रात्रीच काकांना फोन केला: "काका, हेड उतरवावं लागेल असं दिसतं." पलीकडं बराच वेळ शांतता. मग, "किती लागतीन?" तुरीचा पैसा अजून यायचा होता.

सकाळी हेडला हात लावायच्या आधी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला, एवढं मात्र शहाणपण केलं. नीट घ्यायचं तर इंजिन गरम हवं, चारही प्लग बाहेर, इंजेक्टरांचे कनेक्टर काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, बॅटरी भरलेली. पोरगा सेल मारतो, मी काटा पाहतो, पाच-सहा झटके. पहिला साडेबारा किलो. दुसरा साडेबारा. तिसरा बारा. चौथा साडेबारा. अर्ध्या किलोचा फरक म्हणजे काहीच नाही, एक किलोपर्यंतही मी हेडला हात लावत नाही. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्यायचीही गरज उरली नाही. रिंगा आणि वॉल्व्ह यांच्यात भांडण लावायला ती युक्ती कामाची असते. इथं भांडणच नव्हतं.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे. तरी तिसरा पेटत नाही. मी चहा मागवला.

गाडी पुन्हा जोडून चालू करून ठेवली होती, फडफडत. पोरगा स्टीअरिंगशी बसलेला. तो म्हणाला, "उस्ताद, काका एसीचं म्हणत होते न?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यानं बटण दाबलं.

कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून लागला. इंजिन एक क्षण दबलं, आयडल थोडं वर आलं, आणि फडफड जवळजवळ गेली. बंद केलं, परत फडफड. लावलं, गेली. चहाचा कप हातात तसाच राहिला.

एसी म्हणजे इंजिनावर ओझं. ओझं टाकल्यावर आजारी सिलिंडर सुधारतो, असा आजार कोणता? स्कॅनरवर मॅनिफोल्डच्या आतला दाब लावला. एसी बंद, ३२ किलोपास्कल. एसी चालू, ४१. बाहेरच्या हवेचा दाब शंभराच्या जरा खाली. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळपास मिटलेला असतो, म्हणून मॅनिफोल्डमध्ये ओढ जबरदस्त असते आणि इंजिन हवा पितं अगदी थोडी. अशा वेळी कुठं बारीक भोक असेल तर तिथून शिरणारी चोरटी हवा त्या थोड्याशा हवेत मोठा वाटा घेते. एसी लावला, रेस दिली, चढावर गेली, की इंजिन पितं ती हवा वाढते, पेट्रोलही त्या हिशोबानं वाढतं, आणि भोकातली हवा मात्र तेवढीच राहते. छोट्या गंजातल्या वरणात वाटीभर पाणी पडलं तर वरण गेलं. पंगतीच्या गंजात तीच वाटी पडली तर कुणाला कळतही नाही.

सकाळची पहिली दोन मिनिटं चांगली का, तेही सुटलं: थंड इंजिनाला ईसीयू पेट्रोल जास्त देतो आणि आयडल वर ठेवतो. पांढरट प्लगही सुटला. काकांची प्रत्येक गोष्ट एकाच भोकाकडं बोट दाखवत होती.

फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती पेट्रोल वाढवतो-घटवतो त्याचे, आकडेही काढले. आयडलला ९ टक्के जास्तीचं पेट्रोल, अडीच हजारावर रेस धरली तर १ टक्का. हवा शिरत असली की ट्रिमचं चित्र असंच दिसतं. पण नवीन पोरांना सांगून ठेवतो, एकट्या ट्रिमवर उडी मारू नका. कॉइल मेली तरी त्या सिलिंडरातला न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. ट्रिम आणि अदलाबदलीचे निकाल शेजारी शेजारी ठेवले तरच अर्थ लागतो. पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड, इथं पडलाच नव्हता, कारण चौघांच्या सरासरीत एकाचं दुखणं झाकलं गेलं.

चौघांच्या सामायिक भागात भोक असतं तर सगळेच कमी-जास्त थरथरले असते. एकट्या तिसऱ्याला हवा, म्हणजे भोक त्याच्याच नळीवर. आणि आता गॅसच्या किटचा खरा अर्थ लागला. सिक्वेन्शियल किटमध्ये मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीला भोक पाडून, आटे काढून, पितळेचा नोझल बसवतात. गॅस तिथून जातो. किट गेलं तरी ती चार भोकं कुठं जाणार?

या गाडीत मॅनिफोल्ड फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, बाजूला. वरून काही दिसत नाही, हात घालायलाही मनगट वाकडं करावं लागतं. हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला धरलं आणि दुसरं टोक मॅनिफोल्डच्या खालच्या अंगानं फिरवायला लागलो. पहिल्या नळीपाशी इंजेक्टरची टिकटिक. दुसऱ्यापाशी टिकटिक. तिसऱ्यापाशी सापासारखं फुस्स.

कार्ब्युरेटर क्लीनर मारून पाहणारे असतात, मीही पूर्वी मारायचो. तापलेल्या एक्झॉस्टजवळ ते फवारणं म्हणजे आगीला बोलावणं. पाण्याची बारीक फवारणी पुरते, भोकावर पाणी आलं की इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. इथं तीही लागली नाही. पोराचा हात माझ्यापेक्षा बारीक. त्याला म्हटलं, "तिसऱ्या नळीच्या खाली पितळेचं टोक लागंल, त्यावर अंगठा दाब." तो चाचपडला, खांद्यापर्यंत आत गेला, आणि एकदम म्हणाला, "उस्ताद, ओढून रायलं!"

अंगठा बसला आणि इंजिन गप्प झालं. अगदी नव्या गाडीसारखं. त्यानं अंगठा उचलला, फडफड. ठेवला, गप्प. तीन-चारदा केलं त्यानं. कामापुरतं दोनदा बास होतं, पण मीही त्याला थांबवलं नाही.

मॅनिफोल्ड उतरवलं. दहाची गोटी, लांब एक्स्टेन्शन, अर्धा दिवस. किट काढणाऱ्यानं पितळेचे नोझल जागीच ठेवून त्यांच्या तोंडावर रबरी टोप्या चढवल्या होत्या, वर क्लिप. तीन टोप्या शाबूत, पण नखानं दाबल्या तर कडक. तिसरी क्लिपच्या कडेनं चिरली होती, अर्ध्या गोलापर्यंत. बंद असताना चीर मिटून बसायची, म्हणून वरून पाहणाऱ्याला टोपी अखंडच दिसली असती. साधं पाण्याच्या नळीचं रबर असावं. आमच्याकडं मे महिन्यात सावलीत पंचेचाळीस डिग्री असतं, बोनेटखालचं विचारूच नका. एक उन्हाळा काढला तेच खूप.

नव्या टोप्या घालणं दहा मिनिटांचं काम होतं. घातल्या नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात काका परत आले असते. चारही नोझल काढले. सहा मिलिमीटरचे आटे होते, त्यांत त्याच मापाचे आखूड अ‍ॅलन बोल्ट वॉशरसकट आणि आट्यांचं सीलंट लावून बसवले. बोल्ट नळीच्या आत डोकावत नाही ना, ते बोटानं पाहिलं. पितळेचा एखादा कण आत पडला तर तो थेट वॉल्व्हखाली जातो, म्हणून हे काम मॅनिफोल्ड गाडीवर ठेवून करायचं नाही. हवेनं फुंकलं, कापडानं पुसलं, पॅकिंग नवं, जोडणी.

या वेळी रोडवर नेली नाही. उभी ठेवली, वीस मिनिटं, एसी बंद. स्कॅनरवर तिसऱ्याच्या मिसची मोजणी शून्यावर. ट्रिम आयडलला २. मग एसी लावला, काही फरक नाही, आणि फरक नसणं हीच पावती. कन्व्हर्टर गार झाल्यावर मुठीनं ठोकून पाहिला, आत खुळखुळ नाही.

बिल करताना कॉम्प्रेशनचे पैसे लावले नाहीत, ती तपासणी माझ्या हट्टाची होती. प्लगांचे लावले, कारण जुने खरंच झिजले होते. मॅनिफोल्डची मजुरी आणि पॅकिंग लावलं. काकांनी चिरलेली टोपी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. बोटाच्या पेराएवढी. "येच्यासाठी हेड उतरवत होते काय बाप्पा?" मी मान खाली घालून पावती फाडली.

फेब्रुवारीत गाडी ऑइल बदलायला आली. ऑइल गळेपर्यंत तिसरा प्लग काढून पाहिला. बिस्किटाच्या रंगाचा, बाकीच्या तिघांसारखा. डॅशबोर्डवरचं स्टिकर होतं तिथंच आहे. आणि काका गंजीजवळच गाडी लावतात, घरटं या वेळी एअर फिल्टरच्या डब्यामागं होतं.